मिलिमीटरचा हिशेब आणि खापरचा रस्ता

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर खापर नावाचे गाव आहे. पश्चिमेला थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द, उत्तरेला सातपुड्याच्या रांगा. खानदेशात खापर म्हणजे चुलीवर पालथे घालायचे मातीचे भांडे. त्याच्या तापलेल्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. मराठीत ‘खापर फोडणे’ हा वाक्प्रचारही सर्वांच्या तोंडी असतो. गावाच्या नावाशी या दोहोंचा संबंध असो वा नसो, आजच्या धाग्याच्या विषयाशी दुसऱ्याचा संबंध नक्कीच आहे.

विषय आहे कर्करोगावरील किरणोपचार, आणि त्यातही त्याचे सर्वांत नवे रूप: रोज शरीराचे चित्र घेऊन, त्या चित्राप्रमाणे किरणांचा आराखडा बदलत नेणारा उपचार. वैद्यकीय परिभाषेत त्याला प्रतिमा-मार्गदर्शित अनुकूल किरणोपचार म्हणता येईल.

गेल्या सव्वाशे वर्षांत किरणांच्या यंत्राने एकाच प्रश्नाचा पाठलाग केला: गाठ आज, या क्षणी, नेमकी कुठे आहे? खापरसारखे गाव आणखी एक प्रश्न विचारते: रुग्ण त्या यंत्रापर्यंत रोज यायचा कसा? पहिल्या प्रश्नाचा इतिहास ग्रंथांत सविस्तर सापडतो, दुसऱ्याला फार तर तळटीप मिळते. हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत असे धोरण ठरवणाऱ्यांना वाटते. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या कामी येऊ शकते.

आरंभ सर्वांना ठाऊक असलेल्या तारखेपासून करावा लागतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण गवसले. त्यांच्या पत्नीच्या हाताचे, बोटातील अंगठीसह घेतलेले छायाचित्र जगभर पोहोचले. काही महिन्यांतच डॉक्टर मंडळी हेच किरण गाठींवर टाकून पाहू लागली. १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध लावल्यावर त्यात आणखी एका साधनाची भर पडली.

या पहिल्या पिढीजवळ मात्रा मोजण्याचे विश्वसनीय साधन नव्हते. कातडी किती लाल झाली, हेच माप. म्हणजे रुग्णाचे अंग हेच यंत्राचे मापक होते. गाठ खोलवर असली तर तिच्यापर्यंत पुरेसे किरण पोहोचण्याआधी वरची त्वचा भाजून निघे. चित्र काढणारे किरण आणि बरे करणारे किरण एकच असूनही, उपचाराच्या वेळी आतले काहीच दिसत नसे. हा विरोधाभास सुटायला जवळपास शंभर वर्षे लागली.

राँटगेन यांच्या शोधाच्याच वर्षी, १८९५ मध्ये, वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म झाला. भारतातील विकृतिशास्त्राचा आणि कर्करोग संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. ज्या संस्थेत त्यांनी हे कार्य केले तिची जन्मकथा मात्र एका कौटुंबिक शोकाची आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे उभारलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झाले. १९५७ साली हे रुग्णालय केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ साली चक्क अणुऊर्जा विभागाकडे.

कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे का, असा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडलाच पाहिजे. किरणोपचाराला लागणारे पदार्थविज्ञान आणि किरणोत्सारी द्रव्ये त्या विभागाच्या हाती होती, हे त्याचे शास्त्रीय उत्तर. त्या विभागाचे शिल्पकार होमी भाभा हे मेहरबाईंचे भाचे होते, हा योगायोग त्यासोबत लक्षात ठेवण्यासारखा. पुढे १९६६ साली रुग्णालय आणि खानोलकर ज्याचे पहिले संचालक होते ते कर्करोग संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर मोठे वळण १९५१ चे. त्या वर्षी कॅनडात कोबाल्ट-६० च्या किरणांनी रुग्णांवर उपचार सुरू झाले. कोबाल्टचे किरण अधिक भेदक. मात्रेचा भर त्वचेच्या आत पडत असल्याने वरचे भाजणे कमी झाले आणि गर्भाशयमुखासारख्या खोलवरच्या अवयवापर्यंत पोहोचता आले. शिवाय यंत्राची रचना साधी. कोबाल्टचा किरणोत्सार ५.२७ वर्षांत निम्म्यावर येतो, म्हणून अधूनमधून स्रोत बदलावा लागतो. एरवी विजेच्या लहरीपणाला हे यंत्र बरेच पुरून उरते. या शतकाच्या पहिल्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र घडवले ते याच जातीचे. त्या यंत्राचे महत्त्व नाकारण्याचा कृतघ्नपणा कोणी करू नये.

परंतु कोबाल्ट आला तेव्हाही आतले दिसत नव्हतेच. दोन बाजूंनी साध्या क्ष-किरण फिल्म काढायच्या, हाडांच्या खुणांवरून गाठीचा अंदाज बांधायचा आणि कातडीवर रेघा मारायच्या. लंडनमधील एका रुग्णालयात ऑक्टोबर १९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅनरने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला आणि शरीराचे काप न कापता पाहता येऊ लागले. आता गाठीच्या आकाराप्रमाणे आराखडा आखणे शक्य झाले. पुढच्या दोन-तीन दशकांत संगणकांनी हे काम इतके सूक्ष्म केले की किरणांच्या झोताची तीव्रताही जागोजागी कमी-जास्त करता येऊ लागली.

येथेच एक नवी चूक जन्माला आली. सीटी स्कॅन काढला जातो एका दिवशी. उपचार चालतो पाच ते सात आठवडे. तेवढ्या काळात शरीर स्थिर बसत नाही. मूत्राशय कधी भरलेले तर कधी रिकामे, आतड्यात वायू, श्वासागणिक हलणारे फुप्फुस. गाठ स्वतः आक्रसते. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण जेवू न शकल्याने इतका वाळतो की डोके स्थिर राहावे म्हणून पहिल्या आठवड्यात बनवलेला जाळीदार मुखवटा चौथ्या आठवड्यात सैल होतो. महिन्यापूर्वीच्या नकाशावर आजची मोहीम काढल्यासारखाच हा प्रकार.

त्यावर डॉक्टरांनी शोधलेला तोडगा म्हणजे कड. गाठीभोवती एक-दीड सेंटिमीटर जास्तीची जागा किरणांच्या टप्प्यात घ्यायची. गाठ इकडे-तिकडे सरकली तरी सुटायला नको. पण ती कड रिकामी नसते. तिच्यात निरोगी आतडे असते, लाळग्रंथी असतात, गुदाशयाची भिंत असते. गाठ कुठे आहे याबद्दलच्या आपल्या अज्ञानाची किंमत ही निरोगी पेशींची कड चुकती करत असते.

रोजची जागा चुकू नये म्हणून कातडीवर शाईचे बारीक ठिपके गोंदतात आणि भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेघा त्यांच्याशी जुळवतात. सातपुड्यातल्या बायकांना गोंदण नवे नाही. मात्र हे गोंदण कातडीचा पत्ता सांगते, आतल्या गाठीचा सांगत नाही.

१९९७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात डी यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात ‘अनुकूल किरणोपचार’ ही कल्पना रीतसर मांडली. तिचे सार साधे होते: उपचारादरम्यान मिळणारी माहिती फेकून देऊ नका, तिच्यावरून पुढचा आराखडा सुधारा. पाठोपाठ उपचाराच्या यंत्रावरच सीटीसारखे चित्र काढण्याची सोय आली. रुग्ण मेजावर झोपला की आधी चित्र, मग किरण. राँटगेन यांच्या दोन देणग्या अखेर एका खोलीत एकत्र नांदू लागल्या.

या पद्धतीच्या पायऱ्या आहेत. पहिलीत रोज चित्र पाहून मेज काही मिलिमीटर सरकवायचे, आराखडा तोच ठेवायचा. दुसरीत काही दिवसांची चित्रे पाहून आराखडा पुन्हा आखायचा. तिसरीत एकाच रुग्णासाठी निरनिराळ्या मापांचे आराखडे आधीच करून ठेवायचे आणि त्या दिवशी जो अंगाला बसेल तो वापरायचा. शिंप्याने एकाच गिऱ्हाइकासाठी चार मापांचे सदरे शिवून ठेवावेत तसे. चौथ्या आणि सर्वांत अवघड पायरीत रुग्ण मेजावर असतानाच, काही मिनिटांत, नवा आराखडा तयार होतो. गेल्या दशकात आलेली, एमआरआय आणि किरणयंत्र एकत्र असलेली यंत्रे हेच करतात.

हे सारे परदेशी कौतुक आहे असा समज होऊ नये. टाटा मेमोरियल सेंटरमधील डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगासाठी ‘आजचा आराखडा’ ही तिसऱ्या पायरीची पद्धत वापरून तिच्यावरील निबंध २०११ साली प्रसिद्ध केला. मूत्राशय हा शरीरातला सर्वांत लहरी अवयव म्हणायला हरकत नाही. सकाळी एक माप, दुपारी दुसरे. ही अनुकूल पद्धत कशासाठी आहे हे समजून घ्यायचे तर त्याहून चांगले उदाहरण नाही.

त्याहून महत्त्वाची कथा २०२१ ची. डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली टाटा मेमोरियल सेंटरने ‘पार्सर’ नावाची चाचणी पूर्ण केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रिया तिच्यात होत्या. निम्म्यांना जुन्या त्रिमितीय पद्धतीने किरण दिले, उरलेल्यांना झोताची तीव्रता बदलणाऱ्या, प्रतिमा-मार्गदर्शित पद्धतीने. कर्करोग आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच ठरले. फरक पडला तो आतड्यांच्या त्रासात. तीन वर्षांनंतर मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के स्त्रियांना झाला, नव्या पद्धतीत २१.१ टक्के.

शास्त्रीय परिषदेत हा आकडा ‘विषबाधा निम्मी’ अशा कोरड्या शब्दांत सांगितला जातो. त्याचा अनुवाद खापरच्या परिसरात करून पाहावा. आतड्यांचा दीर्घकालीन त्रास म्हणजे दिवसातून अनेकदा पातळ शौचास जावे लागणे, कधी रक्त पडणे, कधी आतडे आवळल्याने होणारी कळ. या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. फडाच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या, पहाटे कोयता हाती घेणाऱ्या बाईला हा त्रास असेल तर तिची मजुरी गेली, आणि मजुरीबरोबर घरातला शब्दही गेला. शहरातली स्त्री अशा त्रासासाठी डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ शकते, औषध बदलून घेऊ शकते, प्रसंगी घरून काम करू शकते. डोंगरातल्या पाड्यावरची स्त्री ज्या अवस्थेत उपचार संपवून घरी जाते, बहुधा त्याच अवस्थेत तिला उरलेले आयुष्य काढायचे असते.

म्हणूनच एक रूढ समजूत उलटी करून पाहण्याची वेळ आली आहे. ‘खेड्यापाड्यासाठी साधे यंत्र पुरे, अचूकतेचे चोचले महानगरांसाठी’ असे अनेकदा, चांगल्या हेतूनेही, बोलले जाते. पार्सरचे निष्कर्ष नेमके विरुद्ध दिशेला बोट दाखवतात. रुग्ण जितका दूरचा, तितकी चूक त्याला महाग. कारण ती दुरुस्त करून घ्यायला तो परत येणार नाही. प्रतिमेची सर्वाधिक गरज कोणाला असेल तर ती अशा रुग्णाला.

या युक्तिवादावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप: यंत्रांवर पैसा ओतण्यापेक्षा रोग लवकर शोधावा. याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. त्याच पायावर डॉ. भगवान नेने, टाटा मेमोरियल सेंटर आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांनी तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक विलक्षण अभ्यास केला. ५२ ग्रामसमूहांतील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. पण ज्यांचा रोग आज पुढच्या टप्प्यात गेला आहे त्यांना ‘तुम्ही तपासणीला यायला हवे होते’ असे सांगून परत पाठवता येत नाही.

अशा रुग्णांची संख्या किती, याचा अप्रत्यक्ष दाखला टाटा मेमोरियलच्याच दुसऱ्या एका चाचणीत आहे. २००३ ते २०११ या काळात तिच्यात ८५० स्त्रिया सामील झाल्या आणि त्या सर्वांचा गर्भाशयमुखाचा कर्करोग ‘तीन-ब’ टप्प्यात, म्हणजे ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत किंवा मूत्रमार्गाला बाधा करण्याइतका पसरलेला होता. किरणांच्या जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध दिल्यावर पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ४३.८ वरून ५२.३ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष मोलाचा आहेच. मात्र एकाच रुग्णालयाला एकाच प्रगत टप्प्यातील ८५० स्त्रिया चाचणीसाठी मिळाव्यात, ही गोष्ट समाजेतिहासाच्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे टिपून ठेवावी.

येथे ते खापर आठवते. ‘रुग्ण अज्ञानामुळे उशिरा येतात’ हे वाक्य वैद्यकीय लेखनात इतक्या वेळा येते की ते कारण आहे की सबब, हे ओळखू येत नाही. अक्कलकुवा तालुक्याच्या डोंगरी भागातून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणावे लागल्याच्या बातम्या पावसाळ्यात नेमाने येतात; तिकडे त्या झोळीला ‘बांबुलन्स’ असे कडवट नावही पडले आहे. ब्रिटिश काळात हा मुलूख खानदेशातील मेवासी संस्थानांचा, ज्यांतील काठीची राजवाडी होळी आजही प्रसिद्ध आहे. कारभाराच्या दृष्टीने तो तेव्हाही काठावर होता. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कचेरी जवळ आली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नंदुरबारला मिळायला २०२० उजाडले. एवढा काळ जे अंतर राज्याने राखले त्याला रुग्णाचे अज्ञान म्हणणे सोयीचे असेल. इतिहास म्हणून ते टिकत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो टाळून चालत नाही. अनुकूल पद्धत वेळ खाते. मेजावर रुग्ण असताना नवा आराखडा आखायचा तर साध्या उपचाराच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागू शकतो. म्हणजे त्याच यंत्रावर दिवसाला कमी रुग्ण, आणि बाहेरची रांग अधिक लांब. ज्या देशात यंत्रे मुळातच अपुरी आहेत, तेथे दहा जणांना अचूक उपचार आणि दहा जणांना काहीच नाही, हा न्याय कसा?

या आक्षेपाचे पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. चारही पायऱ्या सर्वांना देण्याची गरजच नसते. रोज चित्र पाहून मेज सरकवणे ही पहिली पायरी थोडक्या वेळात होते आणि ती कुठल्याही नव्या यंत्रावर गृहीत धरली पाहिजे. मुखवटा सैल झालेल्या, गाठ झपाट्याने आक्रसलेल्या रुग्णासाठी दुसरी पायरी. चौथ्या पायरीचा खर्च आणि वेळ सार्थ ठरतो तो मुख्यतः तेथे, जेथे तिच्यामुळे उपचाराचे दिवसच कमी होतात.

दिवस कमी होणे, हाच या साऱ्या इतिहासातला खापरच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग. किरणांची मात्रा छोट्या हप्त्यांत विभागण्यामागे जीवशास्त्र आहे: दोन हप्त्यांमध्ये निरोगी पेशी सावरतात, कर्कपेशी तितक्या सावरत नाहीत. पण हप्ता किती लहान असावा हे निरोगी पेशी किती प्रमाणात झोतात सापडतात यावरही अवलंबून असते. कड बारीक झाली की हप्ता मोठा करता येतो, आणि हप्ता मोठा झाला की फेऱ्या घटतात. पुरःस्थ ग्रंथीच्या मर्यादित टप्प्यातील कर्करोगासाठी ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडात झालेल्या ‘पेस-बी’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. ३९ किंवा २० हप्त्यांचा उपचार आणि केवळ ५ हप्त्यांचा उपचार, पाच वर्षांनंतर दोन्हींची परिणामकारकता तुल्यबळ. प्रत्येक हप्त्यापूर्वी चित्र पाहिल्याशिवाय असे पाच मोठे हप्ते देण्याचे धाडस कोणी करणार नाही.

एकोणचाळीस ऐवजी पाच. मुंबईत राहणाऱ्या रुग्णासाठी ही सोय आहे. खापरहून सुमारे चारशे किलोमीटरवर मुंबईला येणाऱ्यासाठी उपचार घ्यायचा की नाही, हे या आकड्यावर ठरते. आठ आठवडे शेत, गुरे आणि मजुरी सोडून परक्या शहरात राहणे, आणि आठवडा-दोन आठवडे राहणे, यांत मोठे अंतर आहे.

हे सर्व कर्करोगांना लागू पडत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गर्भाशयमुखासाठी हप्ते कमी करण्याच्या चाचण्या अजून चालू आहेत. तेथे आजही बाहेरून साधारण पंचवीस हप्ते आणि मग आतून दिला जाणारा किरणोपचार, असा क्रम असतो, आणि सगळे मिळून आठ आठवड्यांच्या आत संपावे लागते. मुदत लांबली की यशाची शक्यता दिवसागणिक घसरते. जगातील सर्वांत अद्ययावत यंत्र एका मिलिमीटरची चूक सुधारू शकेल. चुकलेला आठवडा सुधारणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

तो आठवडा का चुकतो? उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनेतून मिळू शकतो. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत देते; खापरच्या माणसाला मात्र आधी रस्त्याने नंदुरबारचे स्थानक गाठावे लागते. निवासासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत. ज्या संताने स्वतः झोपडीत राहून रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्याने किरणोपचाराचे गणित न शिकताही त्यातला दुसरा प्रश्न ओळखला होता असे म्हणावे लागते. तरीही परळच्या पदपथांवर पथारी टाकलेले रुग्ण दशकानुदशके दिसतात. सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी आणि गावी मागे राहिलेली लेकरे कोणत्याच योजनेच्या हिशेबात बसत नाहीत. होळी आली, पेरणी आली, की माणूस ‘दोन दिवसांत येतो’ म्हणून घरी जातो.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. स्वागतार्ह आहे. पण अशा केंद्रात औषधे दिली जातात. किरणयंत्रासाठी जाड भिंतींची खोली, पदार्थवैज्ञानिक, तंत्रज्ञ आणि नियामकांची परवानगी लागते, ते सारे वेगळेच प्रकरण. सातपुड्याच्या पायथ्याशी चित्र घेणारे एक किरणयंत्र उभे राहावे, ही मागणी म्हणून वेगळी करावी लागेल. आराखडा आखणारे तज्ज्ञ तेथे मिळणार नाहीत, हे म्हणणे आता जुने झाले. आराखडा संगणकावर आखला जातो. तो मुंबईत बसूनही आखता येतो. २०१२ पासून टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने देशभरातील केंद्रे एकमेकांना जोडलीच आहेत. चित्र चारशे किलोमीटर जाऊन क्षणात परत येते. रुग्णाला तसे करता येत नाही, म्हणून प्रवास चित्रानेच करावा.

आणि तोवर एक छोटी गोष्ट करता येण्यासारखी आहे. डॉ. दा. जे. जस्सावाला यांनी १९६३ साली मुंबईत देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली आणि रोग मोजण्याची शिस्त घालून दिली. प्रतिमा-मार्गदर्शित यंत्रही रोज नोंद ठेवते: डावीकडे किती मिलिमीटर, खाली किती, डोक्याच्या दिशेने किती. त्याच कागदावर आणखी दोन रकाने आखावेत. रुग्ण आज कुठून आला, आणि काल का आला नाही.